पावतीपुस्तक कोणाच्या हाती

जिनिव्हा येथे 21 मे 2003 रोजी जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करारनामा संमत केला आणि जो 27 फेब्रुवारी 2005 पासून अमलात आला, त्याचे आपल्या शेजारच्या देशांच्या दफ्तरांत पुढे काय होते हे पाहण्याचे, आणि यथाशक्ति त्यात हातभार लावण्याचे काम, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनातली माझी नोकरी संपत आली असताना, काहीशा अनपेक्षितपणे माझ्या वाट्याला आले. पदनाम सल्लागाराचे होते. सल्लागार या प्राण्याला कोणतेच अधिकार नसतात, खुर्ची मात्र पुढच्या रांगेत मिळते. आणि आयुष्यभर धाडी, पंचनामे व मुद्देमालाच्या याद्या यांत गेलेल्या माणसाला ती खुर्ची प्रारंभी फार अवघड वाटली, हे सांगितले पाहिजे.

करारनामा वाचावयास सुबोध आहे. सहाव्या कलमात कर, आठव्यात परक्याच्या धुरापासून संरक्षण, अकराव्यात वेष्टनावरील इशारा, तेराव्यात जाहिरातबंदी, आणि 5.3 या कलमात तंबाखूच्या धंद्याला धोरणाच्या मेजापासून दूर ठेवण्याची ताकीद. श्रीलंकेने त्याला 2003 च्या नोव्हेंबरातच मान्यता दिली, भारताने 2004 च्या फेब्रुवारीत, त्याच वर्षी बांगलादेश, भूतान आणि मालदीव यांनी, व 2006 मध्ये नेपाळने. मजकूर सर्वांचा एकच. तथापि प्रत्येक राजधानीत गेल्यावर मी आरोग्य मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न विचारत असे तो या मजकुराविषयी नसे. दंडाची पावती कोण फाडतो आणि पावतीपुस्तक रात्री कोणाच्या कपाटात असते, एवढेच मी विचारी. कित्येकांना हा प्रश्न पोरकट वाटे. परंतु कायदा करणाऱ्या खात्याकडे पावतीपुस्तक नसते आणि ज्या खात्याकडे पावतीपुस्तक असते त्याला हा कायदा आपला वाटत नाही, ही गोष्ट मी सहाही देशांत पाहिली, आणि इतर सर्व अडचणींचे मूळ बहुधा याच ठिकाणी सापडले.

माझी स्वतःची शिकवणी मात्र सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. आपल्या 2003 च्या कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही. आणि नियम असे सांगतात की हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाह्य कडेपासून त्रिज्येने मोजावे. शाळेच्या मागल्या भिंतीपलीकडे एक तेलघाणा, दोन परसे आणि म्हशींचा गोठा ओलांडून एक पानाची टपरी होती. रस्त्याने चालत गेले तर अंतर सहज दीडशे यार्डांवर भरे. सरळ रेषेने ते शंभराच्या आत होते, अशी मुख्याध्यापकांची तक्रार. फीत घेऊन आम्ही गेलो खरे, परंतु फीत तेलघाण्यातून ओवणार कशी? शेवटी नगर भूमापन कार्यालयातून नकाशा आणवला, हवालदाराने पट्टी धरली, मी परकार फिरवला, आणि टपरी शंभराच्या आत पडली. टपरीवाला हे सर्व शांतपणे पाहत होता. मग म्हणाला, "साहेब, नकाशा तुमचा खरा असंल, पर पोरं काय भिंतीवरनं उडून येत्यात व्हय?" नियम करणाऱ्याने त्रिज्या का निवडली हे मला ठाऊक होते, कारण रस्त्याचे अंतर वाद घालावयास अनंत वाव देते, परंतु त्या माणसाला ते पटवून देण्याजोगे शब्द माझ्यापाशी नव्हते. टपरी नाल्यापलीकडे गेली. पोरे नाल्यावरची फरशी ओलांडून तेथे जाऊ लागली.

दुसरा धडा गुटख्याचा. मध्य प्रदेशाने 2012 च्या एप्रिलमध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, कर्नाटकाने 2013 च्या मे महिन्याच्या अखेरीस. ही बंदी तंबाखूच्या कायद्याखाली आलेली नाही. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन असू नये अशी जी तरतूद अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांत आहे तिच्या आधाराने, अन्नसुरक्षा आयुक्ताच्या सहीने ती निघते, आणि तिची मुदत एक वर्षाची असते, म्हणून दर वर्षी तो हुकूम नव्याने काढावा लागतो. महाराष्ट्रात बंदी आणि कर्नाटकात मोकळीक असा जो दहा महिन्यांचा काळ मध्ये गेला, त्यात कोगनोळीच्या नाक्यावर उभे राहिलेल्या कोणत्याही निरीक्षकाला शेजारधर्म म्हणजे काय हे नीट कळले असेल. आपल्या शेताचा बांध कितीही उंच घातला आणि शेजारचा बसकाच राहिला तर पाणी कोठून येणार हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; मंत्रालयांना मात्र ते दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते. पुढे जेथे पानमसाला मोकळा आणि तंबाखूमिश्रित गुटखा तेवढा निषिद्ध राहिला, तेथे कारखानदारांनी पानमसाल्याची पुडी आणि जर्द्याची चिमुकली पुडी जोडीने विकावयास आरंभ केला. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर ओतून एकत्र करी. गुन्हा झालाच असला तर तो त्या तळहातावर झाला.

या दोन धड्यांची शिदोरी घेऊन मी ढाक्यास गेलो. बांगलादेशाने 2005 मध्ये कायदा केला, 2013 मध्ये दुरुस्ती करून जर्दा, गुल इत्यादी धूरविरहित पदार्थ त्यात आणले, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्याचा दंड 50 टक्यांवरून 300 टक्यांवर नेला, आणि वेष्टनाच्या वरच्या अर्ध्या भागावर चित्रमय इशारा छापण्याची सक्ती केली. तेथे पावतीपुस्तक फिरत्या न्यायालयाच्या दंडाधिकाऱ्याकडे असते; तो जागच्या जागी खटला चालवून शिक्षा देतो, आणि या पद्धतीचा मला मनापासून हेवा वाटला, कारण आपल्याकडे दोनशे रुपयांच्या दंडासाठी पोलीस शिपाई, शिक्षक आणि स्थानकप्रमुख एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. परंतु त्याच दंडाधिकाऱ्याला त्याच आठवड्यात भेसळ, विटांच्या भट्ट्या, वाहतूक आणि बाजारभाव हेही पाहावयाचे असतात, आणि तंबाखूची पाळी येते ती 31 मेच्या आसपास, जागतिक तंबाखूविरोधी दिनाचे निमित्त साधून.

चित्रांची कथा अधिक बोधक आहे. 2016 च्या मार्चमध्ये चित्रे वेष्टनांवर आली ती खालच्या अर्ध्या भागावर. कायद्यात वरचा भाग म्हटलेला असता असे कसे झाले, याचा उलगडा मला एका महसूल अधिकाऱ्याने केला. त्याने मेजाच्या खणातून सिगारेटचे एक पाकीट काढून माझ्यापुढे उभे केले आणि त्याच्या माथ्यावरून चिकटवलेली कागदाची अरुंद पट्टी नखाने दाखवली. ही महसुलाची पट्टी, म्हणजे बँडरोल. कर भरल्याची ती साक्ष. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा तिच्या संख्येवरून मोजला जातो. चित्र वर छापले तर पट्टी त्याला झाकते, पट्टी हलवावी तर चिकटवण्याची यंत्रे बदलावी लागतात, असे कारखानदारांचे म्हणणे. आरोग्य खात्याने ते तूर्तास मान्य केले. आता, चित्र वर असल्याने काय साधते? दुकानाच्या फळीवर पाकिटे ओळीने मांडली की त्यांचा वरचा भाग दिसतो आणि खालचा भाग फळीच्या कडेआड वा मालाच्या दुसऱ्या थराआड जातो. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या रुंदीच्या त्या कागदाने इशारा लोकांच्या नजरेच्या टप्प्यातून खाली उतरवला. मी त्या अधिकाऱ्याला विचारले की पट्टी बाजूने चिकटवली तर सरकारचे काय नुकसान होईल. तो सज्जन होता. म्हणाला, नुकसान काही नाही, परंतु तसे लेखी कोणी विचारलेले नाही.

जर्द्याच्या डब्यांचा प्रश्न तर भूमितीचाच होता. चौकोनी पाकिटाला दर्शनी बाजू असते. वाटोळ्या डबीची दर्शनी बाजू कोणती? जुन्या ढाक्यातल्या एका दुकानात मी एकाच फळीवर तीन प्रकार पाहिले: एका डबीच्या झाकणावर चित्र, दुसरीच्या अंगाभोवती गुंडाळलेले आणि म्हणून कोठूनही अर्धेच दिसणारे, तिसरीच्या बुडाला चिकटवलेले. तिन्ही कारखानदार कायदा पाळल्याचे सांगू शकत होते. शिवाय ज्या सुट्या पानाला तेथे 'सादा पाता' म्हणतात ते तर कागदात बांधून मिळते. त्याला वेष्टनच नाही. आपल्याकडे मशेरीचे हेच आहे. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजून, कुटून, चाळून ती घरच्या डबीत ठेवणाऱ्या बाईपर्यंत अकरावे कलम पोहोचेल तरी कशाच्या पाठीवरून? वेष्टनावर बेतलेले धोरण हे मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या देशांच्या अनुभवातून आले आहे, आणि भारतात 2016-17 च्या पाहणीप्रमाणे प्रौढांपैकी 21.4 टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते तर धूम्रपान करणारे 10.7 टक्के होते, अशा देशांचा विचार त्या धोरणाच्या जन्माच्या वेळी कोणी फारसा केलेला दिसत नाही.

चित्रांच्या बाबतीत भारताचा इतिहासही फार अभिमानाने सांगण्याजोगा नाही. 2009 च्या मे महिन्यात आपली पहिली चित्रे आली तेव्हा जर्द्याच्या पुडीवर विंचू होता, आणि विंचवाचा व तोंडाच्या कर्करोगाचा संबंध काय हे गिऱ्हाइकाच्या कल्पनाशक्तीवर सोपवले होते. पुढे एका चित्रातली आकृती एका नामांकित इंग्रज फुटबॉलपटूसारखी दिसते म्हणून विलायतेत गवगवा झाला. त्या मानाने 1 एप्रिल 2016 पासून 85 टक्के पृष्ठभाग व्यापणारे इशारे आले ही मोठीच मजल. 2017 च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. नेपाळने आधी 75 आणि मग 90 टक्क्यांचा आग्रह धरला, आणि तेथेही प्रकरण न्यायालयात गेलेच. कोलंबोत 2012 चे 80 टक्क्यांचे नियम न्यायालयाने 50 ते 60 टक्क्यांवर आणून ठेवले. तेव्हा तेथील सरकारने नियमांचा नाद सोडून 2015 मध्ये संसदेकडून मूळ कायद्यातच 80 टक्के लिहवून घेतले. जे आरोग्यमंत्री असताना या लढाईत उतरले होते ते मैत्रीपाल सिरिसेन तोवर राष्ट्राध्यक्ष झाले होते, याचा त्यात वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

श्रीलंकेचे मला विशेष कौतुक वाटले ते तेथील सार्वजनिक आरोग्य निरीक्षकांमुळे. 2006 च्या कायद्याने तंबाखू व मद्य यांसाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण निर्माण झाले, विक्रीसाठी वयाची अट 21 वर्षांची झाली, आणि कारवाईचा अधिकार पोलीस व अबकारी यांच्याबरोबर या निरीक्षकांना मिळाला. हा मनुष्य त्या गल्लीत डासांची पैदास पाहतो, खानावळीचे स्वयंपाकघर पाहतो, मुलांना लशी मिळाल्या की नाही हे विचारतो. दुकानदार त्याला वडीलकीच्या नात्याने ओळखतो. अनेक गावांतल्या दुकानदारांनी आपण होऊन सिगारेट विकणे सोडले ते अशा माणसांच्या शब्दाखातर. पावतीपुस्तक योग्य खिशात असले म्हणजे ते वारंवार बाहेर काढावे लागत नाही असा माझा तेथे समज झाला, आणि तो अद्याप बदललेला नाही.

परंतु तेथेही शेजाऱ्याने घात केला, आणि तो शेजारी आपणच. सिगारेटवरचा कर 2016 मध्ये जबर वाढला, तशी गरीब माणसे विडीकडे वळली. विडीला लागणारे तेंदूपान श्रीलंकेत भारतातून येते. गोंदिया-गडचिरोलीच्या रानात उन्हाळ्यात बायामाणसे पहाटेपासून जे पान खुडून पुडे बांधतात, त्याच जातीच्या पानांच्या गोण्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून लहान होड्यांत चढतात आणि मन्नार-कल्पिटीच्या बाजूला उतरतात. गस्तीचा संशय आला की समुद्रात टाकल्या जातात आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. आपल्या देशात 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला, विडीवर बसला नाही. कोलंबोच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने मला याचे कारण विचारले. कारण सांगणे कठीण नव्हते.

माझे आजोळ निपाणीचे. तेथल्या वखारींत तंबाखू कुटताना, चाळताना जो खकाणा उठतो त्याने अनोळखी माणूस दारातच शिंकून बेजार होतो. बायका मात्र तोंडावर पदर गुंडाळून दिवसभर त्यात उभ्या असत. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांनी संप करून मालकांकडून मजुरी व कामाचे तास यांबाबत जे मिळवले ते आम्हा पोरांच्या डोळ्यांदेखत मिळवले. त्यामुळे विडीवर कर वाढवा असे सभेत सांगताना माझ्या डोळ्यांपुढे धूम्रपान करणाऱ्याआधी त्या बायका येत. कारखानदारही सरकारपुढे नेमके त्यांनाच उभे करतात. ही चलाखी आहे हे मला पूर्ण समजते, कारण विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीत पै वाढवण्याची वेळ आली की तेच कारखानदार कंत्राटदाराकडे बोट दाखवतात. पर्यायी उपजीविकेचे सतरावे कलम करारनाम्यात आहे. परंतु मी ज्या ज्या देशांत त्याविषयी विचारले तेथे ते कृषी खात्याचे आहे असे आरोग्य खाते म्हणाले, आणि कृषी खात्याला असे काही कलम आहे याचा पत्ता नव्हता. कर वाढू नये असे मला वाटत नाही, वाढलाच पाहिजे. मात्र त्या कराचा एक हिस्सा त्या वखारीपर्यंत परत गेला पाहिजे, आणि हे लिहून देणारा वित्तसचिव मला भेटावयाचा आहे.

वित्त मंत्रालयांविषयी एक प्रसंग सांगतो. देशाचे नाव सांगत नाही. करांच्या पायऱ्या कमी करण्याविषयीची बैठक होती. स्वस्त, मध्यम, उंची असे सिगारेटचे थर करून प्रत्येकाला निराळा दर लावला की वरचा दर कितीही वाढवा, ओढणारा एक पायरी खाली उतरतो आणि धूर तेवढाच राहतो. म्हणून एकच दर असावा, असे आमचे टिपण. माझ्यापुढे जी प्रत आली तिच्या समासात सुबक टंकलेल्या सूचना होत्या, आणि त्यांतले आकडे सरकारच्या कोणत्याही प्रकाशनात नव्हते. तेवढ्यात ध्यानात आले की मेजाच्या टोकाला बसलेले जे गृहस्थ चहा आणवत होते, पंखा कमी करावयास सांगत होते आणि ज्यांना मी उपसचिव समजत होतो, ते एका सिगारेट कंपनीचे मुलखी व्यवस्थापक होते. त्यांना कोणी बोलावले हे कोणालाच सांगता येईना. 5.3 कलमाचा उच्चार मी केला तेव्हा ते स्वतःच अदबीने उठले आणि जाताना सर्वांशी हस्तांदोलन करून गेले. समासातल्या सूचना मात्र मसुद्यात राहिल्या.

भूतानची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते, आणि बहुधा अर्धीच. 2004 च्या डिसेंबरात त्या देशाने तंबाखूची विक्री सर्वत्र बंद केली. बाळगणे वा ओढणे गुन्हा नव्हता, परंतु आणलेल्या मालावर जबर कर भरल्याची पावती जवळ हवी. 2010 च्या कायद्याने शिक्षा कडक केल्या, आणि 2011 मध्ये थोड्या खाण्याच्या तंबाखूपायी एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची कैद झाली तेव्हा शांत स्वभावाचे ते राष्ट्र हादरले. पुढच्याच वर्षी कायदा सौम्य करावा लागला. फुंटशोलिंगची वेस पाहिली म्हणजे सारे स्पष्ट होते. नक्षीदार कमानीच्या या बाजूला आपले जयगाव. तेथे पानाच्या गादीवर जो माल आपल्याला खुशाल मिळे तोच त्या काळी कमानीपलीकडे गेल्यावर निषिद्ध होई, आणि सकाळपासून माणसे भाजी, साबण, चपला घेऊन कमानीतून जात-येत असत. साथीच्या काळात, 2020 मध्ये, सीमा बंद झाली आणि चोरट्या व्यापारातून रोग आत येईल या भीतीने सरकारने स्वतःच्या दुकानांतून तंबाखू विकण्याची तजवीज केली. 2021 मध्ये विक्रीबंदीच उठली. याला पराभव म्हणणारे पुष्कळ भेटले. मी म्हणत नाही. एवढ्याशा देशाने सतरा वर्षे बांध धरून ठेवला, आणि या सतरा वर्षांत जयगावच्या बाजूने त्याला कोणी एक पाटी मातीचीही मदत केली नाही. जाब विचारावयाचा तर आधी आपल्याला विचारावा.

मालदीवचे काम माझ्या कारकिर्दीच्या शेवटी आले आणि त्यातला महत्त्वाचा भाग मी घरी बसल्यानंतर घडला. तेथे तंबाखू पिकत नाही, जो येतो तो गलबताने वा विमानाने येतो, म्हणून पावतीपुस्तकाचा प्रश्न बंदरावरच पुष्कळसा सुटतो. 1 जानेवारी 2007 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही, मग तो पर्यटक का असेना, तंबाखू विकावयाची नाही, असा कायदा तेथे 1 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आला. तेथल्या एका जुन्या सहकाऱ्याने दूरध्वनीवरून ही बातमी दिली आणि माझे मत विचारले. जगभरची वर्तमानपत्रे तेव्हा या कायद्याच्या तात्त्विक बाजूवर, व्यक्तिस्वातंत्र्यावर वगैरे लिहीत होती. माझ्या मनात आली ती निराळीच गोष्ट. अठरा किंवा एकवीस वर्षांची अट असली की दुकानदाराला दर गिऱ्हाइकाचे वय आजच्या तारखेवरून काढावे लागते, निरीक्षकाला ते पुन्हा ताडून पाहावे लागते, आणि हिशेबातल्या चुकीचा फायदा आरोपीला मिळतो. येथे वजाबाकीच नाही. ओळखपत्रावरची तारीख आणि भिंतीवरच्या फलकावरची तारीख शेजारी ठेवून पाहावयाची, की काम झाले; आणि तो फलक एकदा रंगवला की दर वर्षी नव्याने रंगवण्याचा खर्चही नाही. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला, आणि म्हणाला की त्यांच्या वित्त खात्याने मंजुरीच्या टिपणावर नेमका हाच मुद्दा पहिल्या क्रमांकाला लिहिला होता.